सवतीच्या हातचे थेंब

धुरपदाबाईच्या डोळ्यात औषध घालायचं काम हरणाबाईकडं आलं, ते घरात तिसरं माणूसच नव्हतं म्हणून. एरवी सवतीच्या हातचं पाणीसुद्धा धुरपदाबाई घेत नसे.

दोघी सास्तूरच्या बलभीमच्या बायका. धुरपदाबाई थोरली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी कूस उजवली नाही, तेव्हा तिनंच मन घट्ट करून जेवळीची हरणाबाई पाहिली आणि घरात आणली. पण हरणाबाईचीही कूस उजवली नाही. दोष कुणाचा होता हे दोघींना कळून चुकलं, पण बलभीम होता तोवर ते कुणी बोललं नाही, आणि पटकीच्या साथीत तो गेल्यावर बोलून उपयोग नव्हता. त्याच्यामागं दोघींनी एकाच घरात दोन चुली मांडल्या. शेत शेजारचा गोरोबा बटईनं करायचा. दाणे आले की दोन कणग्यांत पडायचे. दोघींचं बोलणं कामापुरतं, तेही बहुधा भिंतीकडं बघून.

धुरपदाबाईचा डावा डोळा आधी गेला. कपाळ ठणकायचं, उलट्या व्हायच्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. सगळे म्हणाले, अर्धशिशी आहे. कुणी कानशिलावर डाग दिला, कुणी पाल्याचा रस पिळला. दुखणं थांबलं तोवर डोळा गोटीसारखा कडक झाला होता आणि त्या बाजूला कायमचा अंधार पडला होता. धुरपदाबाईनं नशिबाला बोल लावला आणि एका डोळ्यानं कामाला लागली. पण दुसरी मोठी लढाई संपली त्या साली उजव्या डोळ्यालाही दिव्याभोवती कडी दिसायला लागली, तेव्हा मात्र ती हबकली.

सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरची बातमी नबीलालनं आणली. नबीलाल उमरग्याचा मणेर. बांगड्यांचा माल भरायला तो सोलापूरला जायचा आणि मग गावोगाव फिरायचा. सास्तुरात आला की याच घराच्या ओट्यावर बसायचा, कारण तिथं लिंबाची सावली होती. घरातल्या दोघींचे हात मोकळे झाले तरी त्यानं ओटा सोडला नाही. गल्लीतल्या बायका तिथं येऊन बांगड्या भरायच्या आणि दोघी आतून बघायच्या.

धुरपदाबाईच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. म्हणून गोरोबाच्या गाडीतून उमरगा आणि तिथून सर्व्हिस मोटारनं सोलापूर, असा प्रवास दोघी सवतींनी मिळून केला. वाटेत एकमेकींशी त्या चार शब्दही बोलल्या नाहीत.

डॉक्टरनं डोळे तपासले आणि काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होत असतं आणि झिरपून जात असतं. यांची झिरपायची वाट तुंबलीय, त्यामुळं डोळा गच्च भरलेल्या पखालीसारखा ताठलाय आणि आतली नजरेची शीर दाबली जातेय, असं त्यानं समजावलं. शस्त्रक्रिया करून वाट मोकळी करता येईल, असंही तो म्हणाला. धुरपदाबाईनं पदर तोंडाशी धरून मान हलवली. उरलेल्या एकुलत्या डोळ्याला ती सुरी लावू देणार नव्हती.

मग डॉक्टरनं तपकिरी काचेची बाटली काढली. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि निजताना एकेक थेंब. खालची पापणी कशी ओढायची, थेंब कुठं सोडायचा, नाकाजवळचा कोपरा कसा दाबून धरायचा, हे त्यानं हरणाबाईला करून दाखवलं. थेंब सोडायची नळी उकळलेल्या पाण्यानं धुवायची, बाटली उन्हात ठेवायची नाही.

"या औषधानं जास्त दिसायला लागेल असं समजू नका," तो हरणाबाईकडं बघून म्हणाला. "उलट थोडं अंधुक होईल, भुवई दुखेल. तरी सोडायचं नाही. गेलेली नजर परत येत नसते. आहे ती जाऊ नये म्हणून हे औषध."

"किती दिवस घालायचं?" हरणाबाईनं विचारलं.

"जन्मभर," डॉक्टर म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

हा जन्म धुरपदाबाईचा, पण तो शब्द हरणाबाईच्याच अंगावर पडला. परतीच्या मोटारीत बाटली पोटाशी धरून बसताना तिला ते जाणवलं.

औषध सुरू झालं. हरणाबाई चुलीपुढून उठायची, हात धुवायची, ओसरीत यायची. धुरपदाबाई घोंगडीवर आडवी व्हायची आणि तोंड वर करायची. थेंब पडला की तिचा चेहरा आक्रसायचा. थोड्या वेळानं डोळ्यातली काळी बाहुली आखडत आखडत मोहरीएवढी व्हायची. हरणाबाई ते रोज बघायची. बाहुली मोहरीएवढी झाली म्हणजे औषध लागू पडलं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण धुरपदाबाईला बाहुली दिसत नव्हती. तिला दिसायचं ते एवढंच, की थेंबाआधी अंगणातली तुळस हिरवी दिसते आणि थेंबानंतर तिच्यावर राख पडल्यागत होतं. संध्याकाळी तर ती भिंत चाचपत चालायची. भुवईच्या वर घण पडायचे.

"तू घातलंस की आंधार पडतो," ती म्हणायची.

डॉक्टरनं सांगितलं होतं, असं हरणाबाई म्हणायची. धुरपदाबाई त्यावर भिंतीकडं तोंड फिरवायची, आणि तेच हरणाबाईला टोचायचं. गल्लीतही कुजबुज होतीच. आडावर एकदा एक बाई दुसरीला म्हणाली, सवतीच्या हातानं डोळ्यात औषध घालून घ्यायचं म्हणजे छातीच पाहिजे. हरणाबाई घागर घेऊन मागंच उभी होती. तिनं घागर भरली आणि घरी आली. दुपारच्या थेंबाची वेळ झाली होती.

ती कुठं जाऊ शकत नव्हती. भावाच्या मुलीचं लग्न जेवळीला झालं, तिथं ती हळदीलाही राहू शकली नाही. अक्षता टाकल्या आणि न जेवता निघाली. रानात खुरपायला गेली तर सूर्य डोक्यावर येण्याआधी घरी यावं लागायचं. तिला ताप आला तेव्हाही ती भिंतीला धरून उठली आणि थेंब घातले. त्या दिवशी नेम चुकला, दोन थेंब गालावर सांडले. धुरपदाबाई म्हणाली, "मनात न्हाय तर घालू नगं." हरणाबाईला वाटलं, बाटली उचलावी आणि उकिरड्यावर फेकून द्यावी. आंधळी झाली तर झाली, निदान एकदाचं संपेल. असं वाटलं आणि तिची तिलाच भीती वाटली. तिनं बाटलीला बूच लावलं आणि पुन्हा जाऊन अंथरुणावर पडली.

नबीलाल बांगड्यांच्या पेटीत कापसात गुंडाळून बाटल्या आणायचा. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पेटी उघडून दाखवावी लागायची. नाक्यावरचे शिपाई त्याला ओळखायचे. असं दोन-अडीच वर्षं चाललं.

मग राज्याचे दिवस फिरले. हिंदुस्थान स्वतंत्र झाला, निजामाचं राज्य मात्र तसंच राहिलं, आणि सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना बंदुका आल्या. रझाकारांच्या भीतीनं गावातली काही घरं सोलापूरकडं निघून गेली. सोलापूरहून येणारा माल आधी कमी झाला, मग बंदच झाला. मीठ मिळेना, घासलेट मिळेना. नबीलालचं येणंही थांबलं. हरणाबाईनं गोरोबाला उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. डोळ्याचं असलं औषध तिथं कधीच नव्हतं, आता तर टिंचरसुद्धा नाही, असं उत्तर घेऊन तो आला.

शेवटची बाटली तळाला लागली तसं हरणाबाईनं दुपारचा थेंब बंद करायचं ठरवलं. पण दुपारी धुरपदाबाई सवयीनं घोंगडीवर येऊन आडवी झाली आणि तोंड वर केलं. औषध पुरवून वापरायचंय असं सांगावं, तर ती म्हणणार, लपवून ठेवलंस. वाटीत नळी धुवायचं, उकळून गार केलेलं पाणी होतं, हरणाबाईनं त्यातलाच थेंब सोडला.

धुरपदाबाईचा चेहरा आक्रसला नाही. ती तशीच पडून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आज झोंबलं न्हाय."

ज्येष्ठात बाटली संपली. हरणाबाईनं ती उकळलेल्या पाण्यानं खंगाळली, वाटलं, काचेला काहीतरी चिकटलेलं असेल. ते पाणी चार दिवस घातलं. मग पुन्हा खंगाळली. त्यानंतर बाटलीत नुसतं पाणीच होतं हे तिला ठाऊक होतं, तरी ती चारी वेळेला हात धुऊन यायची आणि थेंब सोडायची. संपलं असं सांगायला तिची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता पाऊस सुरू होऊन पेरण्याही झाल्या.

आणि इकडं धुरपदाबाई खुलली. भुवईचे घण थांबले. तुळस पुन्हा हिरवी दिसायला लागली. संध्याकाळी ती भिंत न चाचपता अंगणात जाऊ लागली. औषधाला आता गुण आला, असं ती गल्लीत सांगू लागली. एके दिवशी हरणाबाई रानातून आली तर धुरपदाबाईनं तिच्या वाटच्याही भाकरी थापून ठेवल्या होत्या. "दोन चुली कशाला पेटवायच्या," ती म्हणाली, "जळण तरी कुठं हाय?" दोन चुली झाल्यापासून हरणाबाईनं सवतीच्या हातची भाकरी पहिल्यांदा खाल्ली. भाकरी कडेला करपली होती, तरी तिनं ती कडेसकट संपवली.

त्यानंतर एकच चूल पेटू लागली. दुपारी धुरपदाबाई तिच्या माहेरच्या गोष्टी सांगायची. हरणाबाईला पाहायला ती जेवळीला गेली होती तेव्हा परतताना वाटेत ओढ्याला बसून कशी रडली, तेही तिनं सांगितलं. "तुजा राग न्हवता गं," ती म्हणाली. "कुनावर तरी काडायचा म्हनून तुज्यावर काडला." हरणाबाई डाळ निवडत होती. तिची मान वर झाली नाही. एवढं गोड बोलणं तिला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं, आणि ते सगळं एका बाटलीभर पाण्यावर उभं होतं.

रोज थेंब सोडताना ती बाहुली बघायची. बाहुली मोठी, काळीभोर असायची. मोहरीएवढी व्हायची नाही.

श्रावणात धुरपदाबाईचा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण बाजूचा तांब्या दिसायचा नाही, पायाशी आलेलं मांजर दिसायचं नाही. ती हसून म्हणायची, वय झालं. हरणाबाईला हसू येत नव्हतं. मग एका संध्याकाळी करडीच्या तेलाचा दिवा लावला तेव्हा धुरपदाबाई त्याच्याकडं टक लावून बघत राहिली.

"दिव्याभवती किती रंग दिसत्यात," ती म्हणाली.

हरणाबाईच्या हातातली काडी विझली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोरोबाच्या घरी गेली, गाडी जुंपून मिळेल का विचारायला. कुठं जायचं हे तिलाही नीट माहीत नव्हतं. उमरगा रस्त्यावर रझाकारांची ठाणी बसलीत, बाईमाणसानं जाऊ नये, गोरोबा म्हणाला. ती परत आली तर ओट्यावर नबीलाल बसला होता. त्याच्याजवळ बांगड्यांची पेटी नव्हती, नुसती एक पडशी होती. तो आडवाटेनं, रानारानांतून आला होता. त्याचा साडू बशीर येडशीच्या स्टेशनावर कामाला होता. बार्शीची गाडी अजून अधूनमधून यायची, आणि बार्शी सरहद्दीपलीकडं, हिंदुस्थानात. बशीरनं गाडीवरच्या माणसाला सांगून बार्शीहून औषध मागवलं होतं. ती बाटली हातोहात उमरग्याला पोचायला महिना लागला, असं नबीलालनं सांगितलं. पाणी पिऊन तो लगेच निघाला. त्याचे डोळे सारखे वेशीकडं जात होते.

हरणाबाईनं बाटली कोनाड्यात ठेवली. त्या दिवशी दुपारी तिनं पाण्याचाच थेंब घातला. दिवेलागणीलाही पाण्याचाच. धुरपदाबाई सकाळपासून कपाळ दुखतंय म्हणत होती, तरी जेवताना तिनं हरणाबाईच्या ताटात दुधाची साय वाढली. उद्या घालू, हरणाबाईनं ठरवलं. एक दिवस अजून. ती भिंतीला टेकून बसली आणि तिला कळलं की आपण एका सायीच्या घासासाठी या बाईचा डोळा घालवायला निघालो आहोत.

सकाळी तिनं नवी बाटली उघडली. धुरपदाबाई घोंगडीवर आडवी झाली. थेंब पडताच तिनं हरणाबाईचं मनगट धरलं.

"हे कसलं? हे नगं. आदीचं घाल."

"आक्का, आदीचं पानी व्हतं," हरणाबाई म्हणाली.

धुरपदाबाई उठून बसली. डोळ्यातून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"कवापासनं?"

"ज्येष्ठापासनं. औशद सपलं व्हतं. मिळंना."

"आनि मला सांगितलं न्हाईस."

"तुमी ग्वाड बोलाय लागलाव," हरणाबाई म्हणाली.

धुरपदाबाईनं अंगाखालची घोंगडी गोळा केली. मग म्हणाली, "म्हंजी म्या बोलले ते समदं पान्यालाच बोलले म्हनायचं."

त्या दुपारी तिनं आपली चूल पुन्हा पेटवली. ओल्या जळणाचा धूर घरभर झाला. हरणाबाई आपल्या चुलीपुढं बसून राहिली, तिनं काहीच रांधलं नाही. औषधाची वेळ झाली तशी तिला उठवेना. जायचं तरी कसं, आणि कुठल्या तोंडानं? पण ओसरीत घोंगडी झटकल्याचा आवाज आला. बघते तर धुरपदाबाई आडवी झाली होती, तोंड वर, ओठ घट्ट मिटलेले. हरणाबाईनं हात धुतले आणि थेंब घातला. घटकाभरानं हरणाबाईनं वाकून पाहिलं. बाहुली मोहरीएवढी झाली होती.

दिव्याभोवतीचे रंग दोन-चार दिवसांत गेले. कपाळ दुखणं मात्र राहिलं, आता ते औषधाचं होतं.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य बुडालं. गावात गुढ्या उभारल्या. त्याच दिवसांत उमरग्याकडून, लातुराकडून आणखीही बातम्या आल्या, मुसलमानांच्या घरांवर हल्ले झाल्याच्या, त्या लोक हळू आवाजात सांगायचे. नबीलालचं घर बंद आहे, त्याची बायको बेगमबी पोरांना घेऊन कुठं गेली ठाऊक नाही, एवढंच गोरोबाला कळलं. हरणाबाई पुढं बरेच दिवस वेशीकडं बघायची. दिवाळीनंतर कुणीतरी सांगितलं की नबीलाल जिवंत आहे, हैदराबादेत नातलगांकडं आहे. ते खरं की खोटं, कोण जाणे. सास्तुरात तो पुन्हा आला नाही. ओट्यावर दुसरा मणेर बसू लागला, तो सोलापूरला जात नव्हता.

ज्वारी काढणीला येण्याआधी दोघी पुन्हा सोलापूरला गेल्या. नाका उठला होता, मोटार न थांबता पुढं गेली. डॉक्टर तोच होता, केस पांढरे झाले होते. त्यानं बोटं हलवून धुरपदाबाईला काय काय दिसतं ते विचारलं. समोरचं दिसत होतं. डावी-उजवीकडचं, वरचं-खालचं पुष्कळसं गेलं होतं. दाराच्या फटीतून बघितल्यासारखं तिला दिसत होतं. मधे औषध बंद होतं का, त्यानं विचारलं.

हरणाबाई सांगायला पुढं झाली. तिच्या आधी धुरपदाबाईच म्हणाली, "रस्ता बंद व्हता. मिळालं न्हाय."

डॉक्टरनं मान डोलावली. त्या वर्षी असं पुष्कळांचं झालं, तो म्हणाला. शस्त्रक्रियेचं पुन्हा विचारलं, धुरपदाबाईनं पुन्हा नाही म्हटलं. मग तो म्हणाला, उरलेलं राखायचं असेल तर एकही वेळ चुकवू नका, आणि दोन बाटल्या दिल्या. गेलेलं परत येणार नाही, हे त्यानं या वेळी सांगितलं नाही. दोघींनाही ते पाठ होतं.

परतीची मोटार उमरग्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. गोरोबाची गाडी अजून आली नव्हती. मोटारी थांबायच्या तिथं धूळ, बैलांचा वास, चहाच्या टपरीवर पेट्रोमॅक्स. हरणाबाईनं पाण्याच्या तांब्यानं हात धुतले. धुरपदाबाई गाठोड्याला टेकून बसली आणि तिनं तोंड वर केलं. आजूबाजूची माणसं बघत होती. हरणाबाईचे खांदे मोटारीच्या हादऱ्यांनी भरून आले होते, हात वर धरवत नव्हता.

"लई झोंबतंय का?" थेंब सोडून तिनं विचारलं.

"झोंबतंच की," धुरपदाबाई म्हणाली. "कोपरा दाबून धर. आनि ज्वारी निघाली की जेवळीला जाऊन ये चार दिस. तवर म्या गोरोबाच्या बायकुला थेंब घालाय शिकवते."

हरणाबाईनं नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरला. गोरोबाच्या बायकोचा हात जड आहे, तिला जमायचं नाही, हे तिला माहीत होतं. टपरीवरचा माणूस कपबशा विसळत होता, आणि रस्त्याच्या टोकाला बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला होता.